काटक

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, कडांना कापडी चिकटपट्टी लावलेली एक वही मी गेली पंचवीस वर्षे प्रत्येक घर बदलताना बरोबर नेत आले आहे. तिच्या डाव्या पानांवर वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून कापून चिकटवलेल्या पाककृती आहेत. पुरणाच्या दिंडांपासून अननसाच्या केकपर्यंत, त्यांतल्या निम्म्या आमच्या घरात कधीही न झालेल्या. उजव्या पानांवर नाशिकरोड रेल्वे स्थानकावरच्या वजनकाट्याची पुठ्ठ्याची छोटी तिकिटे आहेत. रुपयाचे नाणे टाकले की त्या यंत्रातले रंगीत दिवे फिरायचे, आत काहीतरी खडखडायचे आणि तिकीट बाहेर पडायचे. त्यावर वजन आणि भविष्याची एक ओळ. सीबीएसवरून, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, शहर बसने मी केवळ त्या तिकिटासाठी नाशिकरोडला जात असे, कारण घरी काटा नव्हता आणि महाविद्यालयाच्या काट्यावर माझा विश्वास उरला नव्हता. त्या तिकिटांवरचे आकडे मी येथे लिहिणार नाही. मी ती ज्या वयात जमवली, त्या वयाची एखादी मुलगी हे वाचत असेल, तर ती सर्वांत आधी तो आकडा शोधेल आणि स्वतःचा आकडा त्याच्याशी ताडून पाहील. मीही तेच केले असते.

1998 ते 2001 या काळात मी महाविद्यालयाच्या संघातून 1500 आणि 5000 मीटर धावत होते. सराव पहाटे साडेपाचला अनंत कान्हेरे मैदानावर असायचा, ज्याला नाशिककर अजूनही गोल्फ क्लबच म्हणतात. रविवारी गंगापूर रोडने सोमेश्वरापर्यंत लांबची धाव आणि परतताना सगळ्यांनी मिळून मिसळ. सोमवारी आमचे प्रशिक्षक सर सगळ्यांचे वजन करायचे. रांगेत उभे राहायचे, नाव घेतले की काट्यावर चढायचे, आणि सर आकडा मोठ्याने वाचायचे, जेणेकरून वहीत लिहिणाऱ्या मुलाला तो ऐकू जावा. सर दुष्ट नव्हते. स्वतःच्या खिशातून आमच्या प्रवासाचे पैसे भरणारा तो माणूस होता, आणि त्यांना त्यांच्या सरांनी जे सांगितले तेच ते आम्हाला सांगत होते, की अंगावरचा एक किलो उतरला की प्रत्येक फेरीमागे वेळ सुटतो. अडचण अशी होती की सुरुवातीला ते खरे ठरले. पहिले तीन-चार महिने मी हलकी होत गेले आणि माझी वेळ सुधारत गेली. स्वतःला उपाशी ठेवण्याचा हा आजार खेळाडूच्या बाबतीत आधी बक्षीस देतो आणि मग वसुली करतो. ती वसुली सुरू होईपर्यंत बक्षिसाची सवय झालेली असते.

त्या महिन्यांत माझ्या वाट्याला जे शब्द आले ते सगळे कौतुकाचे होते. नातेवाईक म्हणायचे, काय काटक झाली आहे पोरगी! मैत्रिणीची आई तिला माझे उदाहरण द्यायची, की जिभेवर ताबा असावा तर असा. मिसळीच्या ताटात मी फक्त मटकी खाऊन तर्री आणि फरसाण बाजूला सारत असे, त्याला संघात ‘डेडिकेशन’ म्हणत. आणि घरी तर मला काही स्पष्टीकरण द्यावेच लागले नाही, कारण आमच्या घरात उपवास होते. आई सोमवार, संकष्टी आणि एकादशी करायची. मी त्यात गुरुवार घातला, मग शनिवार, मग एका मैत्रिणीने सांगितलेले सोळा शुक्रवार. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे आपण स्वतःलाच हसत म्हणतो, त्यात आपल्या उपवासांचा मोठा प्रामाणिकपणा आहे. साबुदाण्याच्या वड्याला नाही म्हणणारा मराठी उपवासकरू विरळा. माझे उपवास मात्र वड्याशिवायचे होते. आजीला ते इतके आवडले, की तिने शेजारणींना सांगितले, पोरीला देवाचे वेड लागले.

मी मराठी शिकवते, म्हणून असेल, पण मागे वळून पाहताना मला त्या काळातले शब्दच आधी आठवतात. न खाण्यासाठी आपल्याकडे दोन मोठे शब्द आहेत. देवासाठी किंवा मनाच्या निश्चयाने केला तर उपवास, आणि नाइलाजाने घडली तर उपासमार. पहिल्यात पुण्य आहे, दुसरीत दुःख आहे. ताटात अन्न असताना, घरात सुबत्ता असताना, स्वतःला ते नाकारणे ज्याला थांबवताच येत नाही, त्या माणसासाठी तिसरा शब्द नाही. त्यामुळे माझी आई पहिल्याच शब्दापाशी थांबली, आणि तिचे त्यात काही चुकले असे मला वाटत नाही. त्या आजारासाठीचा ‘अ‍ॅनोरेक्सिया’ हा शब्द तिने ऐकला असता, तरी तो तिला परदेशातल्या फॅशनच्या मुलींचा वाटला असता. मैदानावर धावणारी, पहाटे उठणारी, परीक्षेत पास होणारी मुलगी आजारी कशी असेल?

शरीर तोवर आपल्या परीने बोलायला लागले होते. निफाडचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांत सगळ्यांनाच थंडी वाजते, पण मला मार्चमध्येही वर्गात स्वेटर लागे. हाताच्या मागे बारीक लव उगवली होती. नाडी इतकी मंद झाली होती की सरांनी ती स्वतः मोजून सगळ्यांना अभिमानाने सांगितली. लांब पल्ल्याच्या धावपटूची नाडी मंद असतेच. उपाशी शरीर काटकसर म्हणून हृदय सावकाश चालवू लागते तेव्हाही ती मंदच लागते, आणि नुसत्या मनगटावरून हा फरक कळत नाही. मग पाळी बंद झाली. आमच्या घरी ‘बाहेर बसणे’ पूर्ण गेलेले नव्हते, त्यामुळे मला सुटकाच वाटली. मुलींच्या खोलीत दबक्या आवाजात कळले की आणखी दोघींचीही बंद आहे, आणि ते चांगल्या फॉर्मचे लक्षण समजले जाते. एका डॉक्टरीणबाईंना दाखवले, तर त्या म्हणाल्या, स्पर्धा संपल्या की येईल, ताण आहे. तब्बल चौदा महिने आली नाही. शेवटच्या हंगामात, पुण्यातल्या एका क्रॉस कंट्री शर्यतीनंतर, डावी नडगी दुखायला लागली. पट्टी बांधून मी आणखी पाच आठवडे धावले. क्ष-किरणांत हाडावर केसासारखी बारीक रेघ निघाली, आणि तिथे माझे धावणे संपले.

त्या रेघेचा, त्या चौदा महिन्यांचा आणि त्या उपवासांचा एकमेकांशी संबंध होता, हे मला कोणी सांगितले नाही. मी ते बऱ्याच वर्षांनी वाचले. खाण्यातली गडबड, पाळी जाणे आणि हाडे विरळ होणे या तिघींना एकत्र गुंफून अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकीय तज्ज्ञांनी 1992 मध्येच ‘फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड’ असे नाव दिले होते, म्हणजे मी स्पाइक्स पहिल्यांदा पायांत घातले त्याच्या कितीतरी आधी. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याचा आवाका वाढवला आणि ‘रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट’, थोडक्यात ‘रेड-एस’, म्हणजे खेळाच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडणे, ही संज्ञा पुढे आणली. 2018 आणि 2023 मध्ये त्यात भर पडली. आता त्यात पुरुष खेळाडूही आहेत, कारण त्यांचेही टेस्टोस्टेरॉन घटते, हाडे मोडतात, मन खचते.

त्यामागचा हिशेब साधा आहे, आणि तो कमी खाण्याचा नसून जास्त खाण्याचा आहे म्हणूनच मी तो मांडते. जेवणातून आलेल्या ऊर्जेतून व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा केली की जे उरते त्यावर बाकीचे शरीर चालायचे असते: मेंदू, हाडे, पाळी, जखमा भरणे, ताप परतवणे, झोप. चरबी वगळून शरीराचे जे वजन, त्याच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे 45 किलोकॅलरी उरल्या तर तरुण मुलीचे हे सगळे नीट चालते. 30 च्या खाली गेले की शरीर एकेक दिवा मालवायला लागते. समजा, चरबी वगळून 40 किलो भरणारी एक मुलगी सकाळी 12 किलोमीटर धावते. धावण्यात तिच्या साधारण 600 जातात. इतर सगळ्यासाठी तिला 1800 हव्यात, म्हणजे ताटात 2400 यायला हव्यात. ती 1800 खात असेल, तर घरच्यांना ती व्यवस्थित जेवताना दिसते, पोळी-भाजी-वरण-भात सगळे दिसते, आणि ती नेमकी त्या 30 च्या काठावर उभी असते. मेंदूतला हायपोथॅलॅमस हे ओळखतो आणि गर्भधारणेसारखी खर्चिक कामे आधी बंद करतो. हाडे जपणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरते. ज्या वयात हाडांची आयुष्यभराची पुंजी जमा व्हायची, त्याच वयात ती खर्ची पडायला लागते.

या हिशेबात मला सर्वांत हलवून टाकणारी गोष्ट ही वाटते, की त्यात हेतूला जागा नाही. आमच्याबरोबर पेठ आणि सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून आलेल्या मुली धावायच्या. पुढे 2010 मध्ये याच जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने डोंगर चढून पाणी आणणाऱ्या काटक मुलींचे गोडवे गायले. त्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. परंतु माझ्या शेजारी धावणाऱ्या, वसतिगृहाच्या मेसमध्ये दोन पोळ्या आणि पातळ आमटीवर दिवस काढणाऱ्या मुलीचीही पाळी बंदच होती, आणि तिने एकही उपवास धरलेला नव्हता. मी पैसे असून खात नव्हते, ती खायला तयार असून तिला मिळत नव्हते. आमच्या हाडांना हा फरक समजत नव्हता. सर आम्हा दोघींना काटकच म्हणत. आज कोणी पाड्यावरच्या मुलींच्या उपजत चिवटपणाबद्दल लिहिले की मला त्या मेसमधले स्टीलचे ताट आठवते, आणि ताट भरण्याऐवजी विशेषण वाढले जात होते असे वाटते.

तरी आमच्यात एक फरक होता, आणि तो मनाचा होता. तिला जेवण मिळाले की ती जेवायची. मला मिळाले तरी माझ्या डोक्यात आकडे सुरू व्हायचे. अर्धी पोळी, म्हणून दोन फेऱ्या. चमचाभर तूप, म्हणून रात्री अंगणात दोरीवरच्या उड्या. लग्नात पंगतीला बसायला नको म्हणून मी वाढायला उभी राहायचे, आणि सगळे म्हणायचे, किती कामसू आहे. घरी मी रोज काहीतरी रांधायचे, सगळ्यांना आग्रह करून खायला घालायचे आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायचे. तेव्हाच ती पाककृतींची वही भरत गेली. मला वाटायचे, हा माझा छंद आहे.

1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 तरुणांवर एक प्रयोग केला होता. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ते निरोगी स्वयंसेवक होते. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा खायला कसे घालायचे हे समजावे, म्हणून त्यांना 24 आठवडे साधारण निम्म्या आहारावर ठेवले आणि आठवड्याला 22 मैल चालायला लावले. त्यांचे वजन जवळजवळ चौथाईने घटले हे अपेक्षितच होते. पण ज्या माणसांना स्वयंपाकघराशी कधी काही घेणे नव्हते, ती पाककलेची पुस्तके वाचू लागली, पाककृती जमवू लागली, एका घासावर कितीतरी वेळ घालवू लागली. ती चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, त्यांना भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. हे वाचले तेव्हा मी ती वही काढून मांडीवर घेतली आणि बराच वेळ उघडली नाही. माझा स्वभाव म्हणून मी जे पंचविशीपर्यंत मिरवले, त्यातला बराचसा भाग साध्या भुकेचा होता. आजाराने भूक आणली आणि भुकेने आजार पोसला, आणि यांतले आधी कोण आले हे मला आजही नेमके सांगता येत नाही.

मुलांचे काय, असे कोणी विचारेल. आपल्याकडच्या तालमीत मुळात उलटा कायदा होता. पैलवानाचे खाणे हा गावाचा अभिमान, आणि दूध, तूप, बदामाची थंडाई यांची वर्णने कुस्तीइतकीच रंगवून सांगितली जात. मातीवरून मॅटवर आणि वजनगटांत आल्यावर मात्र ‘वजनात बसणे’ आले. आमच्या वर्गातला एक कुस्तीगीर स्पर्धेच्या आदल्या दिवशी रेनकोट घालून एप्रिलच्या उन्हात धावायचा आणि पाण्याने चूळ भरून थुंकून टाकायचा. आम्ही त्याला हसायचो. अमेरिकेत 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुमारे महिन्याभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असेच वजन उतरवताना मरण पावले आणि त्यानंतर तिथले नियम बदलले, हे आम्हाला कुठून कळणार? ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी 50 किलोच्या वर केवळ 100 ग्रॅम भरली आणि अपात्र ठरली, तेव्हा सारा देश ते 100 ग्रॅम चघळत होता. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, आणि तरी काटा हलला नाही, या तपशिलाचे लोकांना वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. मला तेच नवल वाटले. नौकानयनात तर ‘लाइटवेट’ हा गटच होता, ज्यात महिला संघाचे सरासरी वजन 57 किलोंच्या वर जाऊन चालत नसे. पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून तो गेला, आणि त्याबद्दल मला जराही हळहळ नाही.

या आजाराने माणसे मरतात, हे सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. मानसिक आजारांत अ‍ॅनोरेक्सियाचा मृत्युदर सर्वांत वरच्यांपैकी एक आहे. क्रिस्टी हेन्रिच ही अमेरिकी जिम्नॅस्ट 1994 मध्ये 22 व्या वर्षी त्यातच गेली. 2019 मध्ये मेरी केन या धावपटूने जाहीरपणे सांगितले, की नायकेच्या व्यावसायिक संघात असताना प्रशिक्षकांनी वजन घटवण्याचा लकडा लावला, तिची पाळी तीन वर्षे बंद राहिली आणि पाच हाडे मोडली. मी तिचे म्हणणे वाचले तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते, आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत मैदानावरची ती सोमवारची रांग मला अगदी ओळखीची वाटली. आता तज्ज्ञ सांगतात, की 18 वर्षांखालच्या खेळाडूच्या शरीरातली चरबी वगैरे वैद्यकीय कारणाशिवाय मोजूच नये. आकडा मोठ्याने वाचण्याबद्दल वेगळे काही सांगायची गरज त्यांना वाटली नसावी.

मी बरी कशी झाले, याची गोष्ट लहान आणि कंटाळवाणी आहे. पाय प्लास्टरमध्ये असताना मी आणखी कमी खाऊ लागले, कारण आता धावून फेडता येत नव्हते, आणि एका पहाटे न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. ज्या डॉक्टरांनी तपासले, त्यांनी पोटाऐवजी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवले. वडील दोन दिवस बोलले नाहीत; लोक काय म्हणतील हे त्यांच्या मौनात स्पष्ट ऐकू येत होते. त्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी बंद केल्या, वजन आणि उपवास, आणि आईला समोर बसवून सांगितले, “हिला देव नका दाखवू, घड्याळ दाखवा.” तीन जेवणे आणि मधली तीन खाणी, भूक असो वा नसो, ठरलेल्या वेळी. आई कर्मठ होती, पण औषध म्हटल्यावर तिने ते व्रतासारखे पाळले. दुपारी चारला ती शेंगदाण्याचा लाडू घेऊन समोर बसायची आणि तो संपेपर्यंत उठायची नाही. आम्ही दोघी किती वेळा रडलो त्याची मोजदाद नाही. पाळी सात महिन्यांनी आली, मनातले आकडे हटायला सात-आठ वर्षे लागली, आणि हाडांची घनता चाळिशीतल्या तपासणीतही कमीच निघाली. ते नुकसान पूर्ण भरून निघत नाही. आज निदान 14416 या ‘टेलि-मानस’च्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येते. तेव्हा तेवढेही नव्हते.

माझी भाची सोळा वर्षांची आहे आणि हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात 800 मीटरचा सराव करते. मागच्या महिन्यात ती राहायला आली होती. सकाळी पोहे पुढे ठेवले तर म्हणाली, “मावशी, मला नको, आज उपवास आहे.” मी काही बोलले नाही. ती आंघोळीला गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि चष्मा लावून तारीख पाहिली. संकष्टी होती. दिवसभर मी तिच्यावर डोळा ठेवून होते. तिने दोनदा खिचडी मागून घेतली, केळी खाल्ली, फोनवर हसत बोलली. रात्री चंद्रोदयानंतर नैवेद्य दाखवून आम्ही पानावर बसलो. तिने उकडीचा मोदक फोडला, त्यात तूप ओतले, मग दुसरा घेतला, मग वरण-भातावर आणखी दोन.

“किती मोजतेस गं मावशी,” ती खाली पाहतच म्हणाली. “चार झाले. तुझे किती झाले?”

मी माझ्या पानाकडे पाहिले. तिथे एक मोदक होता, कळ्या न मोडलेला. आईने पलीकडून हात लांब करून त्यावर तूप वाढले आणि ती माझ्यासमोर, पूर्वी बसायची तशी, बसून राहिली.